पाय, पाणी आणि नवतपा

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा एप्रिलचा तिसरा आठवडा होता आणि घड्याळात दुपारचे साडेचार. एका बाजूनं नवरा, दुसऱ्या बाजूनं रिक्षावाला, अशा आधारानं त्या माझ्या क्लिनिकच्या सात पायऱ्या चढल्या. खुर्चीत टेकल्या, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पाय माझं ऐकूनच नाही राहिले." सरांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, फाइल पुढे केली. सोबतच्या चिठ्ठीत दोनच वाक्यं होती: आजार वाढलेला दिसतो, व्यायाम शिकवावा.

मी नागपुरात मज्जासंस्थेच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपी करते. एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आमच्याकडे अर्धांगवायूइतके येत नाहीत. पण जे येतात ते जाड फाइल घेऊनच येतात. हे प्रकरण लिहायला मॅडमनी स्वतः परवानगी दिली. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आकडे त्यांच्या वहीतले आहेत.

वय ४१. नागपूरलगतच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. एकोणतिसाव्या वर्षी डाव्या डोळ्यासमोर अचानक धुकं आलं, डोळा हलवला की दुखायचं. महिनाभरात नजर परतली आणि सगळे ते विसरून गेले. दोन वर्षांनी कमरेखाली मुंग्या आल्या, मग एमआरआय झाला आणि आजाराला नाव मिळालं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. विजेच्या वायरीचं प्लास्टिक सोलून निघावं तसं. वायर कुठे सोलली गेली त्यावर त्रास ठरतो, म्हणून दोन रुग्णांचा एमएस सारखा नसतो. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना हा आजार होतो, आणि तोही बहुधा विशी ते चाळिशीत.

मॅडमचा मूळ आजार तसा ताब्यात होता. दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन चालू होतं आणि फेब्रुवारीतल्या एमआरआयमध्ये एकही नवा डाग नव्हता. तरी मार्चपासून पाय कडक होत गेले, थकवा वाढला आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात त्या तीनदा पडल्या. घरच्यांनी एमएसचा अटॅक, म्हणजे आजार नव्यानं उसळला असं समजून एका रुग्णालयात दाखल केलं. तिथे पाच दिवस रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन सलाइनमधून दिलं गेलं. दोन दिवस तरतरी आली, मग झोप उडाली आणि पाय होते तिथेच राहिले.

पहिली चूक माझी.

त्या दिवशी मी लगेच २५ फुटांची चाचणी घेतली. जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात, अंतर २५ फूट, म्हणजे ७.६२ मीटर. सुरक्षित राहून जमेल तितक्या भरभर चालायचं, दोनदा, आणि सरासरी काढायची. धडधाकट माणूस चार-पाच सेकंदांत पोचतो. मॅडमना १५.८ सेकंद लागले. गुडघे ताठ, डाव्या पायाचा चवडा जमिनीला घासतोय, पाऊल उचलायला पूर्ण कंबर वर खेचावी लागतेय. मी लिहिलं, 'लक्षणीय घट', आणि व्यायामाचा तक्ता काढायला घेतला. बाहेर ४३ अंश तापमान होतं आणि ही बाई वीस मिनिटं रिक्षात भाजून आली होती, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. निघताना सर बोलता बोलता म्हणाले, "सकाळी उठल्यावर बरी चालते हो. दुपारी तिचं पार भूत होऊन जाते." तेव्हा माझा पेन थांबला.

विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये लिहून ठेवलंय की एमएसच्या काही रुग्णांची नजर श्रम केले की अंधूक होते आणि विश्रांतीनं परत येते. खरं कारण श्रम नसून अंगातली वाढलेली उष्णता आहे, हे पुढे कळलं. आवरण गेलेला तंतू संदेश पोचवतो तो जेमतेम, काठावर पास होणाऱ्या पोरासारखा. शरीराचं तापमान अर्धा अंश जरी चढलं तरी तो नापास होतो. गार झालं की पुन्हा पास. नवी इजा काहीच होत नाही. एमआरआय येण्याआधी डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहत. रोगनिदानाची ती एक रीतच होती. आपण नागपूरकर मार्च ते जून त्या टबातच बसलेलो असतो.

पाच दिवसांनी मी सकाळी साडेसहाला त्यांच्या घरी गेले. अंघोळीआधी, कूलर चालू असताना तीच चाचणी घेतली. ११.२ सेकंद. म्हणजे साडेचार सेकंद एकट्या उन्हाचे. पण ११.२ हेही बरं नव्हतं; आदल्या दिवाळीत त्याच अंतराला त्यांना साडेनऊच्या आत वेळ लागला होता, असं जुन्या कागदांत होतं. मग उरलेले दोन सेकंद कुणी खाल्ले?

फाइल उलगडून बसले तर गोळ्यांची यादी अशी. पायांच्या कडकपणासाठी बॅक्लोफेन, जानेवारीत दिवसाला ३० मिलिग्रॅम होतं ते मार्चमध्ये ६० झालं. लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन. मुंग्या आणि जळजळीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन. बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल. शिवाय थकव्यासाठी कुणीतरी सांगितलेलं टॉनिक. यातली एकही गोळी चुकीची म्हणता आली नसती. प्रत्येक तक्रारीला तिचं तिचं उत्तर, वेगवेगळ्या तारखेला, वेगवेगळ्या हातांनी दिलेलं. सगळी उत्तरं एका पानावर कुणी मांडली नव्हती, इतकंच.

मी मॅडमना म्हटलं, वही घाला. गणिताच्या मास्तरीणबाईला वही घालायला सांगणं म्हणजे मांजराला दूध दाखवणं. दुसऱ्या दिवशीपासून रकाने आखून तयार: वेळ, पाणी किती, लघवी कधी, गोळी कोणती, पाय किती कडक (शून्य ते दहा), आणि शेवटी शेरा. तीन दिवसांच्या नोंदी पाहिल्या. पाण्याच्या रकान्यात दिवसाची बेरीज ६५०, ७००, ८०० मिली. नागपूरच्या एप्रिलमध्ये!

"मॅडम, हे काय?"

त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. सर पाणी आणायला आत गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "शाळेतलं संडास मैदानाच्या त्या टोकाला आहे. चार पायऱ्या. आत उकिडवं बसावं लागते. मागच्या वर्षी बसले ते उठताच येईना. पंधरा मिनिटं कडी धरून होते. आठवीच्या पोरींनी बाहेरून हाका मारल्या. तेव्हापासून मी शाळेत पाणीच पित नाही."

लघवीची घाई असलेल्या माणसानं पाणी तोडावं यात तर्क आहे. मीही कदाचित तेच केलं असतं. पण पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं. मळ खडा होतो, आणि खडा झालेला मळ पुन्हा मूत्राशयावरच दाब देतो. इसबगोल पाण्याविना घेतलं तर ते आतला खडा घट्टच करतं. त्यात ऑक्सिब्युटिनिननं तोंड कोरडं पडायचं आणि आतडं मंदावायचं. अमिट्रिप्टिलिनही त्याच जातीचं.

खरी गोची त्याच्याही खाली होती. एमएसमध्ये मूत्राशयाचे दोन बिघाड होतात आणि पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात असतात: पिशवी भरण्याआधीच आकुंचते, आणि आकुंचली तरी पुरती रिकामी होत नाही. पहिल्याची जाणीव होते, दुसऱ्याची होत नाही. म्हणून घाईची गोळी चालू ठेवण्याआधी एक साधी सोनोग्राफी करतात; लघवी करून आल्या आल्या पिशवीत किती उरलं ते पाहायचं. मॅडमची ती कधी झालीच नव्हती. आता केली तर १८० मिली शिल्लक. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू उगवले. ताप नाही, जळजळ नाही. जळजळ कळवणारे तंतूच अर्धे मुके, मग कळणार कशी? एमएसच्या रुग्णात लघवीचा संसर्ग पुष्कळदा पायांतून बोलतो. मज्जारज्जूतला इजा झालेला भाग खालून येणाऱ्या कुठल्याही चिथावणीला ताठरपणानं उत्तर देतो; तुंबलेलं मूत्राशय, खडा झालेला मळ, कमरेवर आवळलेली नाडी, अगदी अंगठ्याचं आत रुतलेलं नखसुद्धा पाय कडक करायला पुरतं.

म्हणजे मार्चपासूनचा तो 'अटॅक' अटॅक नव्हता. खरा अटॅक म्हणायचं तर त्रास किमान २४ तास टिकलेला हवा आणि अंगात ताप किंवा संसर्ग नसावा. त्यासाठी लघवीची तपासणी आधी करायची असते. इथे संसर्ग अंगात असताना स्टिरॉइड दिलं गेलं. रुग्णालयाचं नाव मी घेत नाही, कारण मीही त्या उन्हाच्या आकड्यावर 'लक्षणीय घट' लिहून बसलेच होते.

मी न्यूरोलॉजिस्टना फोन केला, त्यांनी युरोलॉजिस्टला जोडून घेतलं. पुढच्या आठवड्यात जे घडलं त्यात माझा व्यायाम कुठेच नव्हता. संसर्गाची गोळी सात दिवस. ऑक्सिब्युटिनिन बंद, काही दिवसांनी त्याऐवजी मिराबेग्रॉन, ज्यानं तोंड-आतडं कोरडं पडत नाही. आणि सीआयसी.

सीआयसी म्हणजे स्वतःच्या हातानं, स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करणं. जॅक लॅपिडस या अमेरिकी युरोलॉजिस्टनं १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक असण्याची गरज नाही, साबणानं धुतलेले हात पुरतात. पिशवीत लघवी साचून राहणं हेच जास्त घातक, असं त्यांचं म्हणणं होतं. कागदावर सोपं आहे. मॅडमना सांगितल्यावर त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "म्हणजे आता नळी लागली." आपल्याकडे नळी म्हणजे शेवट, अंथरूण, बाजूला लटकणारी पिशवी. ही नळी तशी नाही, आत जाते, दोन मिनिटांत बाहेर येते, हे मी तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा ते ऐकू गेलं नाही. शेवटी युरोलॉजीच्या सिस्टरनं काम केलं. दार लावलं, पलंगावर बसवलं, छोटा आरसा समोर ठेवला आणि म्हणाली, "ताई, आपल्याच घरचा नळ आहे, कुठून सुटते तेवढं बघून घ्या." मॅडम हसल्या. चौथ्या प्रयत्नात जमलं. सकाळी एकदा, झोपताना एकदा.

याचा पहिला फायदा पायांना झाला असं मला लिहायला आवडलं असतं. पण पहिला फायदा झाला तो झोपेला. त्या आधी रात्रीतून चार वेळा उठत; अंधारात, गुंगीत, कडक पायांनी. झोपताना पिशवी रिकामी करायला लागल्यावर एकदाच. आठवड्याभरानं वहीच्या शेऱ्यात आलं: 'दुसऱ्या तासाला फळ्यासमोर जांभई नाही.' एमएसच्या थकव्यावर मोडाफिनिल, अमँटॅडिन अशी औषधं वर्षानुवर्षं दिली जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ही दोन्ही आणि मिथाइलफेनिडेट साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. काहींना त्यांनी बरं वाटतं, मी नाकारत नाही. पण चार वेळा उठणाऱ्या बाईला जागं राहायची गोळी देण्याआधी ती उठते का, हे विचारावं.

आता बॅक्लोफेन. इथे जरा थांबते, कारण घरोघरी हाच गोंधळ दिसतो.

कडक पाय वाईट, म्हणून ते सैल करायचे, हे सगळ्यांना पटतं. पण ज्या पायातली ताकद गेली आहे तो पाय कधी कधी कडकपणाच्याच जोरावर उभा असतो. ताठ गुडघा ही आतली कुबडी असते. गोळीनं ती काढून घेतली की खालचा खरा पाय उघडा पडतो. मी मॅडमना तीनही पडण्यांच्या वेळा आठवायला लावल्या. पहिल्यांदा, शाळेत वर्गात जाताना. दुसऱ्यांदा, रविवारी सकाळी, धुणं वाळत घालताना. तिसऱ्यांदा, बँकेच्या पायरीवर. तिन्ही वेळा साडेआठ ते साडेनऊच्या मध्ये. आणि सकाळची २० मिलिग्रॅमची गोळी त्या साडेसातच्या सुमारास चहाबरोबर घेत. शाळेच्या दिवशी त्यासाठी डब्यात चहाचा थर्मास असे. कडकपणामुळे नव्हे, तो एकाएकी उतरल्यामुळे त्या पडत होत्या. पाय अडखळला नव्हता, गुडघा दुमडला होता. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "हो, बसल्यासारखीच पडली." हा फरक कुणी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

बॅक्लोफेन एकदम बंद करायचं नसतं. त्यानं झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. सुटीवर जाताना गोळ्या घरी विसरल्या तर दवाखाना गाठावा लागतो. न्यूरोलॉजिस्टनी दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करत पाच आठवड्यांत ६० वरून ३५ वर आणलं आणि वाटणी बदलली. सकाळी ५, दुपारी १०, रात्री २०. रात्री पाय आपोआप झटकतात, तिथे जास्त हवं. सकाळी वर्गात उभं राहायचंय, तिथे थोडा कडकपणा कामाचा. संसर्ग गेल्यावर तसाही पायांचा आकडा आठवरून पाचवर आला होता, गोळी कमी होत असताना.

एवढं झाल्यावर मग माझं काम सुरू झालं. व्यायामाबद्दल एमएसच्या घरांत अजून भीती आहे, आणि ती उगीच नाही. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरच विश्रांती सांगत. १९९६ मध्ये पंधरा आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाचा एक अभ्यास आला, त्यात दम आणि ताकद दोन्हीत सुधारणा दिसली, तेव्हा वारं फिरलं. पण कोणता व्यायाम यापेक्षा कधी आणि किती गार अंगानं, हा प्रश्न आमच्याकडे मोठा.

मॅडमचा दिवस आम्ही असा लावला. पहाटे पाचला उठून पोटऱ्यांचा ताण: भिंतीला हात, टाच जमिनीला, मिनिटभर, दोन्ही पाय आळीपाळीनं. मग खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, आठ वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा आठ वेळा. संध्याकाळी साडेसातला बसून पेडल मारायचं यंत्र, सुरुवातीला सहा मिनिटं, दीड महिन्यानं बारा. पेडलच्या आधी वीस मिनिटं पाय गार पाण्याच्या बादलीत. बर्फ नको, माठातलं पाणी पुरे. खांद्यावर ओला दुपट्टा आणि समोर कूलर. कूलर आमच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. ताट्या ओल्या, पंप चालू आणि मागची खिडकी उघडी हवी. मॅडमच्या घरी धूळ येते म्हणून खिडकी बंद असायची, मग खोलीत दमटपणा कोंडायचा आणि घामच वाळायचा नाही. खिडकी उघडल्यावर फरक पडला. मुंबईच्या किंवा कोकणातल्या वाचकानं हा सल्ला उचलू नये, तिथली हवा आधीच ओली. तिथे पंखा, एसी, गार पाण्यानं अंघोळ. व्यायामानंतर पायांतला जडपणा अर्ध्या तासात उतरला तर ठीक, नाही तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी, एवढा एकच नियम.

सासूबाई रोज रात्री तिळाचं तेल लावून गरम पाण्याच्या पिशवीनं शेक द्यायच्या. मायेनंच. डाव्या पोटरीवर रुपयाएवढा पांढरट डाग होता, जुन्या भाजल्याचा. मॅडमना भाजतंय हे कळलंच नव्हतं. शेक बंद करा म्हटल्यावर सासूबाई नाराज झाल्या. तेल चालेल, तेही पंख्याखाली, असं ठरलं. तडजोड दोन्हीकडून.

लोंबणाऱ्या चवड्यासाठी एएफओ करून घेतला. पोटरीमागून तळपायाखाली जाणारा प्लास्टिकचा, मापानं बनवलेला आधार. तो चपलेत बसत नाही. बुटात बसतो, तोही एक नंबर मोठ्या. शाळेत हे जमलं. घरात मात्र अनवाणी, आणि मॅडम अडखळायच्या त्या जास्त करून घरातच, स्वयंपाकघर ते देवघर या गुळगुळीत फरशीवर. नुसता एएफओ घालून फरशीवर चालणं म्हणजे घसरायचं निमंत्रण. मागे पट्टा असलेली, धुतलेली, फक्त घरातली अशी सँडल घेतली, पण देवघराचं काय? मी हा विषय काढायला कचरत होते. सासूबाईंनीच सोडवला. "देवाले चालते. तू पडू नको फक्त." आत सुती मोजा, आणि रात्री काढल्यावर तळपाय-घोटा लाल झालाय का हे डोळ्यांनी बघायचं, कारण कातडीला विचारून उपयोग नाही.

शाळेचं प्रकरण लांबलं. वर्ग पहिल्या मजल्यावर, संडास मैदानापलीकडे, आणि 'बाई बसून शिकवणार?' अशी कुजबुज. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, हे मॅडमनाही माहीत नव्हतं. त्याच कायद्यात सरकारी आस्थापनेनं अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्याव्यात असंही आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी खेटे घालणं त्यांच्या जिवावर आलं होतं, "मी गणित शिकवते, मी काय अपंग आहे का?" सही-शिक्के, तारखा, पुन्हा तारखा यात पावसाळा गेला. शेवटी वर्ग खाली आला, अवघड तास पहिल्या तीनमध्ये आले, आणि भारतीय बैठकीवर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची मॅडमनी स्वतःच्या पैशानं आणली. चार पायऱ्यांना कठडा अजून व्हायचाय.

मध्येच मे महिना झाला. जागतिक एमएस दिवस ३० मे, म्हणजे आमच्याकडे ऐन नवतप्यात, मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात. तारीख ठरवणाऱ्यांनी नागपूर पाहिलं नसावं. त्या नऊ दिवसांत मॅडम अकरा ते सहा घराबाहेर पडल्या नाहीत, आणि दिवसाला पावणेदोन लिटर पाणी, ताक, पन्हं धरून. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळच्या चाचणीत ९.२ सेकंद आले.

मग हरतालिका आली. मला न सांगता त्यांनी निर्जळी धरली. लग्नापासून मोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी, गणपतीच्या सकाळी, सरांचा फोन. पाय लाकूड झालेत, पलंगावरून उतरत नाही. मी पोचले तोवर त्यांनीच वही उघडून ठेवली होती. पाणी: शून्य. लघवी: दोनदा, गडद. पाय: नऊ. ऊन नव्हतं, संसर्ग नव्हता (तपासला), गोळ्याही चुकल्या नव्हत्या. इतका स्वच्छ प्रयोग मी मुद्दाम करायला धजले नसते. दोन दिवसांत पाण्यावर पाय पूर्ववत झाले. पुढच्या वर्षी फळं-पाणी घेऊन उपास करायचा, असं सासू-सुनांचं ठरलं. मी त्यात बोलले नाही.

सगळंच सुटलं नाही. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं ते तसंच आहे, घट्ट ब्लाउज सोडून सैल कुर्ता घातला की थोडं कमी. मान खाली घातली की पाठीत वीज सळसळते. वह्या तपासताना होतं, म्हणून टेबलावर तिरकी पाटी ठेवली. मुंग्यांसाठी अमिट्रिप्टिलिनच्या जागी गॅबापेंटिन आलं, त्यानं गुंगी येते आणि फार फायदाही नाही. चालण्याचा वेग वाढवणारं फॅम्प्रिडिन, १० मिलिग्रॅम बारा तासांच्या अंतरानं, महिनाभर देऊन पाहिलं. साधारण तिघांतल्या एकाला ते लागू पडतं. मॅडम उरलेल्या दोघांत निघाल्या, थांबवलं. ऑगस्टमध्ये दमट हवेत कूलर कुचकामी ठरला तेव्हा एकदा पडल्या. मनगटाला प्लास्टर, आणि प्लास्टरच्या हातानं सीआयसी जमेना म्हणून तीन आठवडे सिस्टर घरी येत होती.

काठी त्यांनी अजून घेतलेली नाही. लांब दांड्याची छत्री घेतात. उन्हाळ्यात नागपुरात छत्रीकडे कोण बघतंय? छत्री वजन पेलायला बनलेली नसते, तिचं टोक फरशीवर सरकतं, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी टोकाला काठीचा रबरी बूट बसवून आणला. मला तो उपाय पसंत नाही. पण त्या बाहेर पडतात, हे पसंत आहे.

यंदाच्या एप्रिलमध्ये वार्षिक चाचणी झाली. त्यांच्याच घरी, सकाळी साडेसहाला, अंघोळीआधी, संसर्ग नाही याची खात्री करून. ९.९ सेकंद. मी आकडा लगेच बोलून दाखवला नाही. ऊन, पाणी, लघवी, गोळी, सगळं काढून टाकल्यावर जूनच्या ९.२ पेक्षा हा ०.७ सेकंदांचा फरक कुणाच्या नावावर टाकायचा, ते आम्हा दोघींना माहीत होतं. मॅडमनीच स्टॉपवॉच माझ्या हातातून घेतलं, बघितलं, वही उघडली आणि समासात भागाकार मांडला.

"७.६ टक्के," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ना, वीसच्या वर गेला तरच मोजायचा?"

"हो. वीसच्या वर."

त्यांनी आकडा रकान्यात लिहिला, बाटलीचं झाकण उघडून दोन घोट प्यायल्या आणि पाण्याच्या रकान्यात लिहिलं, १०० मिली. शाळा सातची होती. सर गाडी काढत होते.